कोंबडे झाकले, आणि खरेच उजाडले नाही



या खेपेला विषय सिनेमाचा आहे. सिनेमातले मला फार कळते अशातला भाग नाही. वाणिज्य शाखेची पदवी, दिवसभर कचेरीतल्या फायली आणि संध्याकाळी विहाराचे काम, एवढाच माझा पसारा. पण माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती सोळा मिनिटांच्या एका चित्रपटाने माझ्या पदरात घातली. म्हणून लिहितो.

आमच्या वसाहतीतली एक मुलगी नवी मुंबईतच कॉलेजात माध्यमांचा अभ्यासक्रम शिकते. शेवटच्या वर्षाला त्यांना एक लघुपट करून द्यावा लागतो. तिने कथा लिहिली आणि विहाराच्या वाचनालयात आम्हा चार वडीलधाऱ्यांना वाचून दाखवली. कथा अशी: तिच्या नायिकेच्या पणजीने १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यातून एक घागर पाणी भरून आणले. ती घागर आज तुर्भ्याच्या एका खोलीत आहे आणि तिच्यातले पाणी कधी संपत नाही. वस्तीचा नळ चार दिवस कोरडा पडतो आणि सगळी वस्ती त्या घागरीपुढे रांग लावते.

ऐकून आम्ही गप्प. मग एक आजोबा म्हणाले, "पोरी, महाडला सत्याग्रह झाला. चमत्कार नव्हता झाला." दुसऱ्यांनी पुस्ती जोडली की उद्या लोक त्या घागरीला हळदकुंकू वाहतील. आणि मी, समितीचा चिटणीस या नात्याने, लाल पेनाने ते पान आडवे कापले. "एवढं काढ, बाकी छान आहे," म्हणालो. बाकी काय उरत होते? कोरडा नळ. ती "बरं काका" म्हणाली, कागद गोळा केले आणि गेली. पुढचे दोन रविवार वाचनालयाकडे फिरकली नाही.

तिसऱ्या रविवारी आली ती लॅपटॉप घेऊनच. "काका, सोळाच मिनिटं द्या. मग काय कापायचं ते कापा."

तिने दाखवलेला चित्रपट पुण्याच्या फिल्म आणि टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचा. भाषा कन्नड. नावाचा मराठीत अर्थ साधारण 'सूर्यफुलांना सगळ्यांत आधी कळले' असा होतो. दिग्दर्शक चिदानंद नाईक हे मूळचे म्हैसूरचे, शिक्षणाने डॉक्टर. वैद्यकीची पदवी घेऊन ते संस्थेच्या टेलिव्हिजन विभागात एका वर्षाच्या अभ्यासक्रमाला आले. दिग्दर्शन, छायाचित्रण, ध्वनी आणि संकलन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून वर्षअखेरीस करायचा हा सराव. चित्रीकरणाला दिवस मिळाले चार, आणि गोष्टच अंधाराची असल्यामुळे जवळजवळ सगळे काम रात्रीचे. फ्रान्समधल्या कान महोत्सवात चित्रपटशाळांतल्या विद्यार्थ्यांसाठी 'ला सिनेफ' नावाचा विभाग असतो. मे २०२४ मध्ये त्यासाठी जगभरच्या ५५५ संस्थांकडून २,२६३ चित्रपट आले होते. निवडले गेले १८. त्यांत पहिले पारितोषिक या चित्रपटाला मिळाले. चार वर्षांपूर्वी, २०२० साली, पुण्याच्याच अस्मिता गुहा नियोगी यांच्या 'कॅटडॉग'लाही त्याच विभागात पहिले पारितोषिक होते. तीही एका भावाबहिणीच्या कल्पनेतल्या जगाची गोष्ट.

गोष्ट कर्नाटकातली लोककथा आहे, पण आपल्याला ती परकी नाही. एक म्हातारी गावातला कोंबडा चोरते. कोंबडा आरवत नाही, म्हणून सूर्य उगवत नाही, आणि गाव अंधारात बुडते. ओळखीचे वाटले ना? कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्या आयाबायांच्या तोंडात रोजची. त्या म्हणीत आपण म्हातारीला हसतो. वेडी कुठली, तिला वाटते सूर्य तिच्या कोंबड्याच्या ताब्यात आहे! हा चित्रपट म्हातारीला हसत नाही. तो म्हणतो, चला, समजा तिचे खरे निघाले. मग पुढे काय?

मला वाटते अद्भुतकथेचे, ज्याला आता मुले फँटसी म्हणतात तिचे, सगळे मर्म त्या एका 'समजा'मध्ये आहे. आम्हा हिशेबनिसांच्या भाषेत सांगायचे तर अशा गोष्टीत अशक्य नोंद एकच करायची परवानगी असते. बाकीची खतावणी पै-पैशाने जुळली पाहिजे. दुसरी अशक्य नोंद आली की वाचक म्हणतो, हे तर थापाच मारतात. इथे कोंबड्याची एक नोंद सोडली तर बाकी जग आपलेच आहे. गावाला अंधार पडला की माणसे जशी वागतात तशीच वागतात. घाबरतात, चिडतात, आणि कोणाला तरी दोष द्यायला शोधतात.

जुन्या अद्भुतकथांचा आणखी एक दस्तूर म्हणजे भविष्यवाणी. राजपुत्राच्या गोष्टीत ती असतेच. अमक्या नक्षत्रावर जन्मलेला मुलगा राक्षसाला मारील वगैरे. तिथे भविष्यवाणी नायकाला निवडते. या चित्रपटातही भविष्यवाणी आहे, पण ती निवडते ते कोणाला गावाबाहेर घालवायचे यासाठी. कोंबडा परत मिळावा म्हणून तिचा आधार घेतला जातो आणि म्हातारीच्या घरच्यांवर गाव सोडायची पाळी येते. वनवास हाही जुनाच दस्तूर. पण पुराणातला वनवास राजवाड्यातून निघतो आणि राजवाड्यात परततो. या घरच्यांच्या मागे राजवाडा कुठला? चूल, चार भांडी, बस्स.

तिथे मी खुर्चीत सरळ बसलो. दिग्दर्शकाने ही लोककथा म्हणून सांगितली आहे, तिच्यात गावकी आणि वाळीत वाचणारे आम्ही. पण वाचल्याशिवाय राहवत नाही. वाळीत टाकणे म्हणजे काय हे महाराष्ट्रात कोणी कोणाला शिकवायला नको. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा राज्याच्या विधिमंडळाने २०१६ साली केला आणि तो २०१७ पासून लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. त्याच्याही आधी, १९२८ साली नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब सदस्य होते, आणि बहिष्काराच्या हत्याराची त्या समितीच्या अहवालात कडक शब्दांत नोंद आहे. एवढ्या वर्षांची ही गोष्ट सोळा मिनिटांत सांगायची तर वृत्तपट करून साधले असते का? कदाचित साधले असते. पण आमच्या वसाहतीतली शाळकरी पोरे वृत्तपट लावला की मागच्या दाराने पळतात. इथे एकही हलला नाही. "कोंबडा कुठंय?" एवढेच विचारत होती. मलाही, खरे सांगतो, पहिल्या वेळी निम्मे समजले नाही. तुकडे भराभर पुढे जातात, अंधारात कोण कुठला हे ध्यानात येईपर्यंत पुढचे आलेले असते. दुसऱ्यांदा लावायला सांगितला.

एक गंमत बघा. ही संस्था उभी आहे ती 'प्रभात'च्या जुन्या स्टुडिओच्या जागेवर. त्याच 'प्रभात'ने १९३६ साली दामले-फत्तेलालांचा 'संत तुकाराम' काढला. त्यातली पाण्यातून वर येणारी गाथा आणि शेवटचे ते विमान आमच्या आधीच्या पिढीने हात जोडून पाहिले. थिएटरात चपला काढून बसणारी माणसे होती असे घरात ऐकले आहे. त्या चित्रपटाची मांडणी, कलाकारांचा अभिनय हे सगळे मोठेच. पण तिथला चमत्कार वरून खाली येतो, त्याची किंमत कोणी मोजत नाही आणि आपल्याकडून मागणी एकच, हात जोडा. त्याच जागेवर शिकणाऱ्या या पोरांचा चमत्कार खालून, एका म्हातारीच्या हातून सुरू होतो. आणि त्याची किंमत कोणाला पडली हे चित्रपट स्पष्ट दाखवतो.

तेव्हापासून मी मनाशी एक कसोटी धरली आहे. गोष्टीत अद्भुत आले की विचारायचे, याचे बिल कोणी भरले? उत्तर 'कोणीच नाही' असे आले, तर जरा सावध व्हावे. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानोमाळ फिरतो, तिची राख शालूवर टाकली की ती आपली होईल म्हणून. ती जादू काही होत नाही. पण तिच्यावर विश्वास ठेवण्याची वेळ त्या पोरावर का आली, हे शेवटच्या भिरकावलेल्या दगडापर्यंत आपल्याला कळत जाते. बिल बरोबर त्याच्याच नावावर निघते.

आमच्या आजोबांना मात्र हे पटेना. "आपण ५६ साली हे सगळं मागे सोडलं," ते म्हणाले. खरेच आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जे सोडले ते परत दारातून आत घ्यायचे नाही, ही त्यांची काळजी मी हलकी मानत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात खून झाला, त्यानंतरच जादूटोणाविरोधी कायदा झाला. इतकी किंमत मोजून मिळालेल्या विवेकाशी खेळ नको, हे त्यांचे म्हणणे. पण मी त्यांना हळूच विचारले, "आजोबा, मागच्या वर्षावासात तुम्हीच पोरांना सहा सुळ्यांच्या हत्तीचं जातक सांगितलंत ना? सहा सुळे कुठल्या हत्तीला असतात?" अजिंठ्याच्या लेण्यांत तो छद्दंत हत्ती रंगवलेला आहे, आणि माकडाच्या रूपातला बोधिसत्त्वही. केवट्ट सुत्तात भगवंतांनी ऋद्धीच्या चमत्कारापेक्षा उपदेशाचा चमत्कार थोर मानला, तो याच परंपरेत. आजोबा म्हणाले, "ते वेगळं." कसे वेगळे ते मात्र त्यांनी सांगितले नाही. चष्मा पुसत राहिले.

इतका वेळ गप्प बसलेली मुलगी तेव्हा बोलली. "काका, महाडला आपल्या लोकांनी पाणी प्यायल्यावर त्यांनी तळं शुद्ध केलं. शेण, गोमूत्र, दूध, दही, एकशे आठ घागरी ओतल्या. खरं ना?"

"खरं."

"मग त्यांच्या एकशे आठ घागरींची जादू इतिहासात चालते, आणि माझ्या पणजीची एक घागर सिनेमात चालत नाही?"

वाचकहो, पंचवीस वर्षे मी सभांतून महाडवर बोलत आलो. तो १०८ चा आकडा कितीदा सांगितला असेन. तो प्रश्न मला कधी सुचला नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १९३७ चा मार्च उजाडला, म्हणजे एकशे आठ घागरींच्या जादूचा अंमल दहा वर्षे टिकला होता. आणि ती जादू मानणाऱ्यांना कोणी फँटसीवाले म्हटले नाही.

मी लाल रेघ मागे घेतली. मात्र माझी कसोटी तिला सांगितली: पाणी संपत नाही ते ठीक, पण बिल कोण भरते? फुकटची अक्षय थाळी नको. तिने वहीत लिहून घेतले आणि चार दिवसांनी नवे पान आणून दाखवले. घागर आता संपत नाही ती नाहीच, पण जो कोणी तिच्यातून भरून घेतो त्याला त्या रात्री महाडच्या लाठ्यांचा आवाज ऐकू येतो, आणि सकाळी त्याच्या पाठीवर वळ असतो. रांग हळूहळू कमी होत जाते. शेवटी नळासाठी वॉर्ड ऑफिसवर मोर्चा नेतात ते पाठीवर वळ असलेलेच. आजोबांनी ऐकले. "मोर्चात मला घे," एवढेच म्हणाले.

चित्रीकरण येत्या रविवारी पहाटे, नळाला पाणी यायच्या आधी. घागर आमच्या घरची, तांब्याची. आमच्या आयुष्मतींनी ती चिंचेने घासून दिली आहे, पण बजावून ठेवले आहे की पोचा पडता कामा नये.