मनोरा जुळवताना

गेल्या पावसाळ्यात एका स्नेह्यांनी मला जिगसॉची पेटी भेट दिली. आत एक हजार तुकडे आणि झाकणावर रात्रीच्या दिव्यांत उजळलेला मुंबईचा राजाबाई मनोरा. ‘हा तर मुलांचा खेळ,’ असे म्हणून मी ती कपाटावर ठेवून दिली. पुढे चार दिवस पाऊस कोसळत राहिला, तेव्हा ती खाली काढली आणि जेवणाचे टेबल तीन आठवडे अडवून बसलो. घरातल्यांनी त्या काळात जमिनीवर पाने मांडून जेवणे उरकली, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

हा खेळ मुलांचा, हे म्हणणे अगदीच निराधार नाही. १७६० च्या दशकात लंडनमधील जॉन स्पिल्सबरी या नकाशे कोरणाऱ्या कारागिराने लाकडी फळीवर नकाशा चिकटवून तो देशांच्या सीमांवरून कापला आणि भूगोल शिकविण्याचे साधन म्हणून विकला. परंतु १९३० च्या दशकातील महामंदीत अमेरिकेतील प्रौढ माणसे हीच कोडी भाड्याने आणून जुळवीत बसत. त्यांतील अनेकांच्या हाताला काम नव्हते. अशा दिवसांत त्यांना केवळ करमणूक सुचत होती, असे मला वाटत नाही. हाती घेतलेली एखादी गोष्ट आपल्याला पुरी करता येते, एवढी खात्री त्यांना हवी असावी.

माझ्या मनोऱ्याच्या घड्याळाची तबकडी पहिल्याच संध्याकाळी जुळली. अंक, काटे, पिवळसर उजेड, सारे ओळखीचे. त्यानंतर आकाश उरले. काळ्यासावळ्या रंगाचे तीनशेहून अधिक तुकडे, एकासारखा दुसरा! तेथे रंग मदतीला येत नाही. तुकडा हातात फिरवून त्याच्या कडा पाहाव्या लागतात, आणि बसला नाही तर निमूटपणे बाजूला ठेवावा लागतो. झाकणाकडे बघत जुळविणे ही लबाडी आहे, असे मानणारा एक कडवा पंथ आहे. मला तो पटत नाही. तुकडा कोठे बसतो हे झाकणावरचे चित्र सांगत नाही. तो कोठेतरी बसतोच, एवढाच भरवसा ते देते.

या जुळवाजुळवीत नखाएवढी एक दगडी आकृती माझ्या हाती आली. डोक्यावर पागोटे, चेहरा छायेत बुडालेला. हा कोण? नोकरीच्या काळात वीस वर्षे मी चर्चगेटहून फोर्टकडे या मनोऱ्याजवळून चालत गेलो. पाहिले ते फक्त घड्याळ, तेही उशीर झाला की काय या धास्तीने. पुढच्या रविवारी दुर्बीण घेऊन ओव्हल मैदानावर गेलो. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत. त्यांचे नमुने रावबहादूर मुकुंद रामचंद्र या सहाय्यक अभियंत्याने तयार केले होते. मनोऱ्याचा आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा. त्यांनी तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबई कधी पाहिली नाही. पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. कापसाच्या तेजीत, १८६४ साली, त्यांनी आईच्या स्मरणार्थ दोन लाख रुपये दिले. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि तेही बुडाले. मनोरा मात्र १८७८ मध्ये पुरा झाला. आई अंध होती आणि सूर्यास्तापूर्वी जेवण्याची वेळ तिला घंटानादावरून कळावी, अशी मुलाची इच्छा होती, असे सांगतात. ही आख्यायिका असेलही. मला ती आवडते.

या घड्याळाच्या उजेडाचीही एक हकीकत आहे. १८८० च्या दशकाच्या आरंभी मुंबई सरकारने शहरावर मद्रासची वेळ लादू पाहिली. ती स्थानिक वेळेच्या अर्धा तास पुढे होती. विद्यापीठाने आपल्या घड्याळात मुंबईचीच वेळ ठेवायचे ठरविले, तेव्हा तसे असेल तर दिवाबत्तीचा खर्च देणार नाही, असे सरकारने कळविले. उजेडाचे पैसे देणाऱ्याने वेळही आपलीच सांगावी, हा हट्ट! लोकांनी तो मानला नाही. १९०६ मध्ये भारतीय प्रमाण वेळ आली, तरी तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहरात १९५५ पर्यंत तग धरून होती.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल असताना मनोऱ्यावरचे घड्याळ रात्री कशाला उजळावे, असे कोणी विचारील. आमच्या शेजारचे आबा तरुणपणी गोदीत रात्रपाळी करीत. मनगटी घड्याळ घेण्याची ऐपत नव्हती. गोदीतून चर्चगेटकडे येताना दुरून ती तबकडी दिसली, की शेवटची लोकल मिळणार की फलाटावर झोपायचे, हे त्यांना कळे. वेळ विचारण्यासाठी कोणापुढे लाचार व्हावे लागत नसे. ऐतिहासिक इमारतींवर रंगीत झोत टाकण्याची हौस आजकाल वाढली आहे. तिला माझा विरोध नाही. पण पैसे थोडे असतील, तर आधी घड्याळ बरोबर चालावे आणि त्याची तबकडी उजळावी, दगडांची शोभा नंतर पाहावी, असे माझे मत आहे. २०१५ मध्ये या मनोऱ्याची मोठी दुरुस्ती पूर्ण झाली आणि २०१८ मध्ये हा सारा परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. दोन्ही गोष्टी आनंदाच्या आहेत. तरीही वारसा म्हणजे दुरून काढण्याचे छायाचित्र, अशी समजूत दृढ होऊ लागली आहे, तिची मला काळजी वाटते. निदान त्या पागोटेवाल्याकडे तरी जाणाऱ्या-येणाऱ्यांनी मान वर करून पाहावे. तो काही परका नव्हे.

चित्र पुरे झाल्यावर ते चौकटीत बसवावे, असे स्नेह्यांनी सुचविले. मी ते मोडले आणि पेटीत भरून आबांना दिले. त्यांचीही तबकडी पहिल्याच दिवशी जुळली. आकाशाला ते अद्याप लागलेले नाहीत.