सहेरी चुकत नाही, मग गोळी कशी चुकते?

रमजानचा चाँद दिसण्याच्या आठवडाभर आधीच मोमिनपुरा, टेका, हसनबाग, जाफरनगर या भागांत सहेरी-इफ्तारचे छापील तक्ते वाटले जातात. कुणी कापड दुकानदार, कुणी मेडिकल स्टोअरवाला, कुणी निवडणुकीची तयारी करणारा कार्यकर्ता ते आपल्या खर्चानं छापतो. तीस रोजांच्या तीस ओळी आणि प्रत्येक ओळीत मिनिटापर्यंतची वेळ. तो तक्ता महिनाभर फ्रीजच्या दारावर किंवा दुकानाच्या गल्ल्याजवळ चिकटलेला असतो. सहेरीची वेळ संपल्याचा पुकारा झाला की ओठाशी नेलेला पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवणारी ही माणसं. एरवी घड्याळाशी फारसं सख्य नसलेलेही या महिन्यात मिनिटाला जागतात.

आणि नेमक्या याच महिन्यात बीपीची गोळी चुकते.

कारणं अनेक सांगितली जातात. सकाळच्या नाश्त्यानंतरची गोळी रोजाच्या वेळेत येते, म्हणून ती आपोआप सुटते. दिवसातून दोनदा घ्यायची असेल तर आधी एक सुटते, मग ‘एकीनं काय होणार’ म्हणून दुसरीही. कुणाला ‘अंग्रेजी दवा’ उपाशी पोटी गरम पडेल अशी धास्ती वाटते. कुणी म्हणतं, रोजातच शिफा आहे, महिनाभर औषधाची गरजच नाही. सगळ्यांत मोठं कारण मात्र हे की गोळी सोडली तरी काही होत नाही. पहिला अशरा, म्हणजे रमजानचे पहिले दहा दिवस जातात, दुसरा जातो. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही. उच्च रक्तदाबाची खोड हीच आहे, तो दुखत नाही. १४०/९०च्या वर सतत राहणारा दाब मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं खराब करत राहतो. मग एखाद्या दिवशी त्यातली एक गुठळीनं बंद होते किंवा फुटते. ३२ देशांत झालेल्या ‘इंटरस्ट्रोक’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. केरळात जन्मलेले आणि कॅनडात काम करणारे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसूफ हे त्यातले एक प्रमुख संशोधक. टाळता येण्याजोग्या दहा कारणांत उच्च रक्तदाब पहिला निघाला, आणि जवळजवळ निम्मं ओझं त्या एकट्याच्या खात्यावर.

उर्दूत या आजाराला आम्ही फालिज म्हणतो, मराठीत लकवा. दोन भाषा शिकवत-बोलत जगणाऱ्याला यात एक गंमत दिसते. ‘फालिज’ तर अरबी आहेच, पण ‘लकवा’सुद्धा अरबीच. जुन्या हकिमांच्या लेखी चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणं म्हणजे लकवा आणि अर्धं अंग लुळं पडणं म्हणजे फालिज. एकाच वैद्यकाचे हे दोन शब्द दोन भाषांनी वाटून घेतले.

आमच्या गल्लीत एक ऑटोचालक चाचा आहेत. वय बावन्न. दोन वर्षं गोळी चालू होती, ती रमजानमध्ये बंद केली. चोविसाव्या रोजाला असरच्या नमाजीसाठी वुजू करताना चूळ भरायला घेतलेलं पाणी तोंडाच्या एका बाजूनं ओघळू लागलं. उजवा हात उचलेना. घरच्यांनी आडवं केलं, तळव्यांना तेल चोळलं, कुणी दम केलेलं पाणी आणलं. कुणी म्हणालं, आता मगरिबला किती वेळ उरलाय, रोजा सोडला की बरं वाटेल. इफ्तारनंतर जंगली कबुतराचा शोध सुरू झाला. फालिज झालेल्याला कबुतराचं मांस खाऊ घालावं, हा समज आपल्याकडं अजून पक्का आहे. दवाखान्यात पोहोचायला रात्रीचे अकरा वाजले. चाचा वाचले. ऑटो आता त्यांचा मुलगा चालवतो. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला तो माझ्या वर्गात होता.

गुठळीनं रक्तवाहिनी बंद झाली असेल तर ती गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी मेंदूत रक्तस्राव झालेला नाही याची सीटी स्कॅननं खात्री करावी लागते. तपासणीचा वेळही त्या साडेचार तासांतूनच जातो. मोमिनपुऱ्यातून मेयो पायी जाण्याच्या अंतरावर आहे. आपली अडचण अंतराची नाही. वेळ घरातच जातो. हसताना तोंड एका बाजूला ओढलं जातंय, दोन्ही हात वर करायला सांगितले तर एक खाली घसरतोय, बोलणं अडखळतंय किंवा शब्द भलतेच येतायत, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ला फोन करायचा आणि लक्षण किती वाजता सुरू झालं ते लक्षात ठेवायचं. तोंडात काही घालायचं नाही. गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि पाणी थेट फुप्फुसात उतरतं. मग ते नळाचं असो की आबे-जमजम. घरातली बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनानं द्यायची नाही. वाहिनी बंद झाली आहे की फुटली आहे, हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

राहिला रोजाचा प्रश्न. सूरह बकरहच्या १८४ आणि १८५ या आयतींत रोजाचा हुकूम आहे आणि तिथंच आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलतही आहे: सुटलेले रोजे नंतरच्या दिवसांत पूर्ण करावेत. ज्यांना ते कधीच जमणार नाही, त्यांच्यासाठी फिदया आहे, म्हणजे सुटलेल्या प्रत्येक रोजाच्या बदल्यात एका गरिबाला जेवण. सवलत हुकुमाच्या सोबतच दिली आहे, ती कुणा डॉक्टरनं मागून घेतलेली नाही. तरी आपल्याकडं आजारी माणसानं रोजा सोडला की त्याला ओशाळायला लावणारे चार जण भेटतातच. ज्याला नुकताच लकव्याचा झटका येऊन गेला आहे, ज्याचा दाब गोळ्या घेऊनही आवरत नाही, ज्याचं मूत्रपिंड अधू आहे, त्यानं रोजा ठेवायचा की नाही हे डॉक्टरला विचारावं. घरच्यांनी त्यात इज्जतीचा सवाल आणू नये.

पण ज्यांचा दाब गोळीनं आटोक्यात आहे, अशा बहुतेकांना रोजा आणि गोळी यातलं एक निवडावं लागत नाही. रोजा इथं गुन्हेगार नाहीच. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी रमजानच्या आधी आणि नंतर रोजेदारांचा दाब मोजला. २०२१मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वरचा आकडा सरासरी सात अंकांनी खाली आलेला दिसला. याचा अर्थ रोजा औषधाची जागा घेतो असा नव्हे. औषध चालू ठेवून रोजे ठेवले तर महिना फायद्याचा ठरू शकतो, एवढाच. बीपीसाठी सर्रास दिली जाणारी ॲम्लोडिपिनची गोळी शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळते. ती सकाळी नऊऐवजी इफ्तारनंतर घेतली तर बिघडत नाही. दोनदा घ्यायच्या गोळीऐवजी एकदाची गोळी अनेकदा देता येते. लघवी वाढवणारी गोळी सहेरीला घेतली तर दिवसभर घशाला कोरड पडते. डॉक्टर ती संध्याकाळवर नेतात. काही गोळ्या अशा की एकदम बंद केल्या तर दाब उसळी मारतो. हे सगळं शाबानमध्ये, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यात, डॉक्टरकडं दहा मिनिटं बसून ठरवता येतं. ते राहून गेलं असेल तर आजही ठरवता येतं. हातावर पट्टा बांधून बीपी मोजल्यानं रोजा तुटत नाही, हे इथं लिहावं लागतंय याचं वाईट वाटतं, पण लोक विचारतात.

नागपूरच्या दोन शेजाऱ्यांकडून यात शिकण्यासारखं आहे. केंद्र सरकार, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून २०१७मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा एक उपक्रम सुरू केला. पहिल्या टप्प्यात पाच राज्यांतले २५ जिल्हे होते. महाराष्ट्रातले चार: वर्धा, भंडारा, सातारा आणि सिंधुदुर्ग. तिथं कुठलंही भारी यंत्र आलं नाही. सगळ्या सरकारी दवाखान्यांत एकच ठरलेली उपचारपद्धत, पहिली पायरी ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या मोफत. पुढची तपासणी घराजवळच्या केंद्रात. आणि कोण आलं नाही याची नोंद. एवढ्या साध्या कामाला २०२२मध्ये संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. मला त्यातली शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची वाटते. न आलेल्या माणसाची कुणीतरी चौकशी करतं. मोहल्ल्यात तर ही सोय आधीपासूनच आहे. तरावीहच्या सफेत रोजचा माणूस दोन रात्री दिसला नाही, तर तिसऱ्या रात्री त्याच्या दारावर थाप पडते.

‘अंग्रेजी दवा’ या शब्दाबद्दलही थोडं बोललं पाहिजे. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजशी ज्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं, त्या हकीम अजमल खान यांच्या आग्रहावरून तरुण रसायनशास्त्रज्ञ सलीमुज्जमाँ सिद्दीकी यांनी सर्पगंधेच्या मुळीवर काम सुरू केलं. हकिमांच्या भाषेत ही मुळी असरोल. १९३१मध्ये त्यांनी तिच्यातून वेगळ्या काढलेल्या एका द्रव्याला आपल्या गुरूचं नाव दिलं: अजमलीन. पुढं मुंबईचे डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी हीच मुळी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन तिचे परिणाम नोंदवले आणि १९४९मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहिला. साऱ्या जगाचं लक्ष या मुळीकडं गेलं. १९५७मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. म्हणजे बीपीच्या आधुनिक औषधांच्या सुरुवातीला एक हकीम, एक मुस्लिम रसायनशास्त्रज्ञ आणि एक पारशी डॉक्टर उभे आहेत. आज सर्पगंधेपेक्षा चांगल्या आणि कमी त्रासाच्या गोळ्या आल्या आहेत, त्यामुळं कुणी ती मुळी शोधायला जाऊ नये. पण गोळीला परकं समजण्याचं कारण आपल्याकडं तरी नाही.

आता ताटाकडं. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, आणि त्यात पदार्थांतलं सगळं मीठ आलं. इफ्तारच्या दस्तरख्वानवर भजी, समोसे, काळं मीठ भुरभुरलेली चनाचाट आणि पापड एका वेळी असतात. भज्यांच्या पिठात सोडा पडतो, त्यातही सोडियमच. तरावीहनंतर मोमिनपुऱ्याच्या रस्त्यावर कबाब आणि बिर्याणी, सहेरीला रात्रीचा सालन आणि लोणचं. यंदा रोजे उन्हाळ्याच्या तोंडावर आहेत, तेरा-साडेतेरा तासांचे. सहेरीचं मीठ दुपारी तहान होऊन परत येतं. मी काही मोमिनपुऱ्याची रौनक बंद करा म्हणणार नाही, मीही तिथं जातो. पण रोजा खजूर, टरबूज आणि संत्र्यानं सुटला, तळलेलं जुम्म्यापुरतं राहिलं आणि लोणच्याची बरणी दस्तरख्वानवरून उचलली गेली, तर सण कमी होत नाही.

मशिदींच्या कमिट्यांना माझी एक मागणी आहे. पुढच्या वर्षीच्या तक्त्यात इफ्तारच्या रकान्याखाली एक ओळ छापा: बीपीची गोळी घेतली का? खर्च शून्य. मशिदीत एक डिजिटल बीपी मशीन ठेवा, असरनंतर अर्धा तास कुणी तरी मोजून वहीत लिहील. यासाठी जकातीचे पैसे वापरता येणार नाहीत, कारण जकात गरजूच्या हातात जावी लागते; मशीन चंद्यातून घ्या. गरीब रुग्णाच्या हातात महिन्याच्या गोळ्या देणं मात्र जकातीतून होऊ शकतं, आणि जनऔषधी दुकानात त्या स्वस्त मिळतात. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांत आणि ‘आपला दवाखान्या’त तपासणी मोफत आहे, हे जुम्म्याच्या बयानात इमामसाहेबांनी एकदा सांगितलं तर माझ्या दहा लेखांपेक्षा जास्त काम होईल.

मशिदीतल्या मशीनपर्यंत बायका मात्र पोहोचणार नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात १५ वर्षांवरच्या दर शंभर पुरुषांमागे २४ आणि दर शंभर स्त्रियांमागे २१ जणांना उच्च रक्तदाब आढळला. फरक फार नाही. सहेरीला सगळ्यांत आधी उठणारी आणि इफ्तारला सगळ्यांत शेवटी बसणारी अम्मी बाळंतपणानंतर बीपी मोजायला कधी गेली होती, हे घरात विचारून पाहा. मोहल्ल्यात नर्सिंग आणि फार्मसी शिकणाऱ्या मुली आता घरोघरी आहेत. दुपारी बायकांचं कुराणपठण आणि दर्स जिथं चालतं, तिथं त्यांच्यातल्या एकीला मशीन घेऊन बसवा.