कडी कोणाच्या हातची?

राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार म्हटल्यावर पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले होते आणि २०२३ साली लोकसेवा आयोगाला नवी पद्धत २०२५वर ढकलावी लागली होती. आता ती लागू झाली आहे. नऊ पेपर, गुणवत्तेसाठी धरले जाणारे १७५० गुण, त्यात निबंध, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आणि एक वैकल्पिक विषय. जुन्या पद्धतीत चार पर्यायांतला एक गोल काळा करताना इतिहास इतिहासाच्या जागी आणि भूगोल भूगोलाच्या जागी राहिला तरी चालत होते. अडीचशे शब्दांचे उत्तर लिहायचे तर एका विषयातले दुसऱ्यात ओतावे लागते. हे ओतणे अवघड असल्यामुळे अभ्यासिकांमधून एआयचा आधार घेतला जाणार, यात नवल नाही. ‘१८७५च्या दख्खन दंगली भूगोल, अर्थव्यवस्था आणि कायदा यांच्याशी जोडून दे’ असे लिहिले की अर्ध्या मिनिटात नीटनेटकी साखळी हातात पडते. एआयचा हा उपयोग चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही, त्याचा क्रम चुकीचा आहे. साखळी आधी विद्यार्थ्याने ओवावी आणि मग ती तुटते का हे यंत्राकडून ताणून पाहावे. हा क्रम उलटला की उजळणी झाल्यासारखी वाटते, पण हाती फारसे लागत नाही.

याचा पुरावा आजच्या एआयच्या बराच आधीचा आहे. १९८० साली मेरी गिक आणि कीथ होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. किल्ल्याकडे जाणाऱ्या सगळ्या वाटांवर सुरुंग पेरलेले असतात. मोठी फौज एका वाटेने नेली तर ते उडणार. म्हणून सेनापती फौजेच्या तुकड्या करून त्यांना वेगवेगळ्या वाटांनी एकाच वेळी किल्ल्यावर नेतो. ही गोष्ट वाचलेल्या लोकांना मग एक वैद्यकीय कोडे घातले : पोटातली गाठ जाळू शकणारा तीव्र किरण वाटेतले निरोगी ऊतकही जाळतो, तर करायचे काय? उत्तर तेच आहे, सौम्य किरण अनेक बाजूंनी एकाच जागी आणायचे. तरीही गोष्ट नुकतीच वाचून झालेल्यांपैकी बहुतेकांना ती आठवली नाही. ‘मघाची गोष्ट वापरून पाहा’ एवढा इशारा मिळताच मात्र बहुसंख्यांना उत्तर सुचले. म्हणजे ज्ञान डोक्यात होते, त्याला हाक मारायची बुद्धी वेळेवर झाली नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये असा इशारा द्यायला कोणी नसते. उजळणीच्या प्रत्येक दिवशी तो यंत्राने दिला, तर नेमकी जी गोष्ट कमवायची ती सोडून बाकी सगळ्याचा सराव होतो.

दुसरा प्रयोग ‘माइंड मॅप’ काढणाऱ्यांना अधिक झोंबेल. जेफ्री कार्पिकी आणि जेनेल ब्लंट या संशोधकांनी २०११ साली ‘सायन्स’मध्ये दाखवून दिले, की मजकूर समोर ठेवून संकल्पनांचे नकाशे काढणाऱ्यांपेक्षा, पुस्तक मिटून आठवेल ते लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त येत होते, दोन मुद्दे जोडून अनुमान काढायच्या प्रश्नांतसुद्धा. मुलांचा स्वतःचा अंदाज नेमका उलटा होता. एआयने काढून दिलेला नकाशा तर याहून एक पायरी खालचा, कारण तो काढण्याचे कष्टही वाचलेले असतात. तुर्कस्तानातल्या सुमारे हजार शाळकरी मुलांवरचा, २०२५मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याच दिशेने बोट दाखवतो. गणिताच्या सरावात मोकळे जीपीटी-४ मिळालेल्या मुलांची कामगिरी ४८ टक्क्यांनी सुधारली, पण ते काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा ती साधन न मिळालेल्या मुलांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडली. उत्तर न देता फक्त इशारे देणारे यंत्र ज्यांना मिळाले, त्यांचे नुकसान जवळपास झाले नाही. परीक्षेत ठळक फायदाही झाला नाही, हे सांगितलेच पाहिजे. गणित म्हणजे इतिहास नव्हे, हेही खरे. तरीही आधार काढल्यावर काय उरते हा प्रश्न कोणत्याही विषयाला लागू आहे.

आता सुरुवातीला उल्लेखलेल्या दख्खन दंगलींकडे, म्हणजे शेतकऱ्यांच्या सावकारांविरुद्धच्या उठावाकडे येऊ. पाठ्यपुस्तकांतून ओळखीची झालेली साखळी अशी : दख्खनच्या बेसॉल्टची काळी माती, तिच्यात कापूस, १८६१ ते १८६५चे अमेरिकी यादवी युद्ध, त्यामुळे मुंबईच्या कापसाला आलेला भाव, सावकारांनी सढळ हाताने दिलेले कर्ज, युद्ध संपताच कोसळलेला भाव, आखडलेले कर्ज आणि मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी पेटलेले कर्जरोखे. भूगर्भशास्त्रापासून न्यायालयापर्यंत सगळे एका दोऱ्यात. यंत्राला विचारले तर तेही बहुधा हेच देईल, कारण पुस्तकांत हेच वारंवार आले आहे. पण विद्यार्थ्याने नकाशा उघडला तर तो थबकेल. कापसाचा खरा मुलूख खानदेश आणि वऱ्हाड. सुपे, इंदापूर, शिरूर हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, ज्वारी-बाजरीचा भाग. कापसाचा भाव कोसळला म्हणून बाजरीवाला का चिडला? नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२ साली लिहिलेल्या लेखाच्या शीर्षकातच या दंगलींना ‘दंतकथा’ म्हटले होते. म्हणून दुवा खोटा ठरत नाही, तो सरळ नाही इतकेच. तेजीच्या काळात मुंबईतला पैसा सावकारी पेढ्यांमार्फत आतल्या गावांपर्यंत झिरपू शकत होता आणि तेजी ओसरल्यावर तो आटूही शकत होता. याच सुमारास रयतवारीची तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली आणि सारा बराच वाढला. १८५९च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याचे आयुष्य तीन वर्षांवर आणले. हेतू व्याज साचू नये हा. परिणाम असा की दर तीन वर्षांनी नवा रोखा, थकलेले व्याज मुद्दलात, आणि अंगठा पुन्हा कुळाचाच. कुळाच्या रक्षणासाठी केलेला कायदा सावकाराच्या कामी आला, हा या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा सांधा. राज्यव्यवस्थेच्या पेपरातही तो चालेल आणि नीतिशास्त्राच्याही. तयार साखळीत तो एका ओळीत उरकला जाण्याची शक्यता मोठी, कारण कापूस आणि अमेरिका जास्त चमकतात.

इथे यंत्र खऱ्या अर्थाने कामाचे होते. स्वतः लिहिलेली साखळी त्याच्यापुढे टाकून ‘यातली सगळ्यांत कच्ची कडी कोणती?’, ‘हे कारण नसते तरी दंगल झाली असती, असा युक्तिवाद कर’, ‘उत्तर सांगू नकोस, प्रश्न विचार’ असे सांगता येते. अशा कामात त्याची चूकही फार महागात पडत नाही, कारण आपल्याला आपली बाजू पुस्तकातून सोडवावी लागते. त्याने जोडून दिलेले तसेच घोकले, तर चुकीचे साल किंवा चुकीचा दुवाही तितक्याच आत्मविश्वासाने उत्तरपत्रिकेत उतरतो.

यावर पहिला आक्षेप वेळेचा, आणि तो खोटा नाही. एवढ्या अभ्यासक्रमात प्रत्येक धड्याच्या साखळ्या कोण ओवत बसणार? कोणीच नाही. पण पाच-पन्नास घटना अशा असतात की त्यांतून अर्धा अभ्यासक्रम हलतो. १९७२चा दुष्काळ घ्या : पर्जन्यमान, रोजगार हमी योजना, तिचा १९७७चा कायदा, २००५चा केंद्रीय रोजगार हमी कायदा. अशा मोजक्या घटनांवर घालवलेला तास बाकीच्या दहा धड्यांत परत मिळतो. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सदाशिव पेठेतल्या क्लासची फी ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी एआय हाच मास्तर. त्यांना ‘आधी स्वतः करा’ सांगणे म्हणजे भरल्या पोटी उपवासाचे महत्त्व सांगणे नव्हे काय? मला उलट वाटते. महाग क्लासमध्ये तयार नोट्स मिळतात, तशाच आता फुकटही मिळू लागल्या आहेत. दुर्मीळ राहते ते आपले उत्तर वाचून ‘हे कसे काय?’ असे विचारणारे माणूस. गावातल्या मुलीला यंत्राकडून मिळवायचे तर ते हे मिळवावे. नोट्समध्ये तिचा तोटा आता उरलेला नाही.

तिसरा मुद्दा आक्षेपापेक्षा अट आहे. ज्याला सारा म्हणजे काय आणि रोखा म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याने साखळी ओवायची कशाने? त्याला आधी धडा वाचावाच लागेल, आणि तिथे एआयने सोप्या मराठीत समजावून दिले तर उत्तमच. पण ती शिकवणी झाली. उजळणी तिथून पुढे सुरू होते, पुस्तक मिटल्यावर, कोरा कागद समोर घेऊन. त्यावर सुप्यापासून १८७९च्या दख्खन शेतकरी संरक्षण कायद्यापर्यंत आपल्याला किती कड्या आठवतात ते लिहावे, गाळलेल्या जागा तशाच रिकाम्या ठेवाव्यात आणि मगच फोन उघडावा.