झेरॉक्सच्या दुकानातील काळी पूड

बारावीचा निकाल लागला की प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि मामलेदार कचेऱ्यांच्या आसपासची झेरॉक्सची दुकाने गजबजून जातात. गुणपत्रिका, रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, आधारपत्र, जमिनीचा एक-चौदाचा उतारा; कोणताही अर्ज प्रतींवाचून पुढे सरकत नाही. त्यातच पावसाळा आला की झड आत येऊ नये म्हणून शटर अर्धे ओढले जाते. एखाद्या लहान खोलीएवढ्या त्या जागेत यंत्र दिवसभर चालू असते आणि ते चालविणारी व्यक्ती तीच हवा आठ-दहा तास श्वासावाटे घेत असते. टोनर संपला की तीच व्यक्ती बाटलीतील काळी पूड यंत्रात ओतते, सांडलेली पूड फडक्याने झटकते आणि पुन्हा कामाला लागते. या पुडीपासून तिला कितपत अपाय होतो, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो.

या विषयावर दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत टोनरला विष ठरविते, तर दुसरे त्याला निव्वळ काळी भुकटी मानते. उपलब्ध पुरावा या दोहोंच्या मधोमध आहे. टोनरमध्ये मुख्यतः प्लास्टिकसारख्या राळेचे कण असतात. काळ्या रंगासाठी त्यात कार्बन ब्लॅक मिसळलेले असते. शिवाय मेण, थोडी सिलिका आणि काही प्रकारांत लोहाचे ऑक्साइड असते. कणाचा आकार साधारणपणे ५ ते १० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. विद्युतभाराच्या बळावर ही पूड ड्रमवरील प्रतिमेला चिकटते, तेथून कागदावर उतरते आणि सुमारे १८० ते २०० अंश सेल्सिअस तापलेल्या फ्यूजरखाली वितळून पक्की बसते. एकदा अशी बसलेली पूड निरुपद्रवी ठरते. त्यामुळे प्रत घेऊन जाणाऱ्या ग्राहकाने घाबरण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो ही पूड मोकळी असताना हाताळणाऱ्याचा.

कर्करोगाच्या भीतीचे मूळ कार्बन ब्लॅकमध्ये आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना ‘२ ब’ या गटात, म्हणजे कर्करोगास संभाव्यतः कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांत केली आहे. मात्र हे वर्गीकरण प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांवर आधारलेले आहे. माणसांबाबतचा पुरावा अपुरा असल्याचे त्याच संस्थेने नमूद केले आहे. टोनरमधील कार्बन ब्लॅक राळेच्या कणात बांधलेले असते, हेही ध्यानात घ्यावे लागते. १९८० च्या सुमारास काही टोनरमध्ये जनुकीय बदल घडविणारी नायट्रोपायरीन ही अशुद्धी आढळली होती. त्यानंतर उत्पादकांनी कार्बन ब्लॅक तयार करण्याची पद्धत बदलली आणि ती अशुद्धी मोठ्या प्रमाणात घटली. तपासणी झाली, दोष उघड झाला आणि सुधारणा झाली, असा हा इतिहास आहे.

चिंतेचा दुसरा मुद्दा अधिक सूक्ष्म आहे. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात लिडिया मोराव्स्का यांच्या चमूने ६२ लेझर प्रिंटरांची तपासणी केली. त्यांपैकी १७ यंत्रे अतिसूक्ष्म कण मोठ्या प्रमाणात हवेत सोडत असल्याचे दिसून आले. टोनर आणि कागद तापल्यावर निघणारी बाष्पे थंड होऊनही असे कण तयार होतात, हे पुढील अभ्यासात स्पष्ट झाले. हे कण फुफ्फुसाच्या खोल भागापर्यंत पोहोचू शकतात. भारतातही या दिशेने काम झाले आहे. तमिळनाडूतील झेरॉक्स केंद्रांत काम करणाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात फुफ्फुसाच्या क्षमतेच्या चाचणीत लक्षणीय फरक आढळला नाही. पण खोकला, नाक चोंदणे अशा तक्रारी आणि रक्तातील दाहाच्या खुणा या कामगारांत इतरांपेक्षा अधिक होत्या. रोग सिद्ध झाला असे यावरून म्हणता येणार नाही, परंतु शरीरावर ताण पडतो हे मात्र नाकारता येणार नाही. जुन्या यंत्रांत उच्च दाबाच्या विद्युतभारामुळे ओझोन वायूही निर्माण होतो. त्याचा उग्र दर्प जाणवू लागला की यंत्राचा गाळक बदलण्याची किंवा हवा खेळती करण्याची वेळ झाली, असे समजावे.

यावरील उपाय महागडे नाहीत. यंत्र भिंतीला अगदी चिकटवून ठेवू नये आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या हवेचा झोत बसणाऱ्याच्या तोंडावर येणार नाही अशी त्याची दिशा असावी. खोलीतील हवा बाहेर फेकणारा पंखा बसवावा. वातानुकूलन यंत्र तीच हवा फिरवीत राहते, हे विसरू नये. टोनर भरताना हातमोजे आणि एन-९५ मास्क वापरावा. सांडलेली पूड ब्लोअरने उडवू नये आणि घरगुती व्हॅक्यूम क्लीनरनेही ओढू नये. तिचे कण त्याच्या गाळकातून पुन्हा हवेत येतात, शिवाय स्थिर विजेच्या ठिणगीने ही बारीक पूड पेट घेऊ शकते. ओलसर फडक्याने ती अलगद टिपून घ्यावी. हात आणि कपडे थंड पाण्याने धुवावेत. गरम पाण्याने राळ मऊ होऊन चिकटते. रिकामे कार्ट्रिज आणि साठलेली टाकाऊ पूड जाळू नये. दम्याचा त्रास असलेल्याने हे काम शक्यतो दुसऱ्याकडे सोपवावे.

इतके सोपे उपाय दुकानापर्यंत का पोहोचत नाहीत, याचे उत्तर कायद्याच्या रचनेत सापडते. १९४८ चा कारखाना कायदा कारखान्यांपुरता होता. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामकाजाची स्थिती संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. एक मालक आणि एक मदतनीस असलेले झेरॉक्सचे दुकान तिच्या कक्षेबाहेर राहते. उरतो तो गोव्याचा १९७३ चा दुकाने व आस्थापना कायदा. त्या चौकटीत टोनरसारख्या पदार्थाचा वेगळा विचार झालेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटरच्या कार्ट्रिजचा समावेश आहे आणि पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. परंतु सुट्या बाटलीतून विकल्या जाणाऱ्या टोनरचा आणि वारंवार भरल्या जाणाऱ्या कार्ट्रिजचा माग अशा व्यवस्थेला ठेवता येणे कठीण आहे. ती पूड अखेरीस साध्या कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि पुढे कचरा वेचणाऱ्याच्या हाती येते.

सरकार या प्रश्नात दुहेरी भूमिकेत आहे. लोकांना आरोग्याची हमी देण्याचे कर्तव्य त्याचे आहे आणि प्रतींची मागणी निर्माण करणारा सर्वांत मोठा घटकही तेच आहे. डिजिलॉकर २०१५ मध्ये सुरू झाले आणि त्यातील दाखल्यांना २०१७ मध्ये मूळ कागदपत्रांची बरोबरी मिळाली. तरीही अर्जाला छायाप्रत जोडण्याचा आग्रह सुटलेला नाही. जो दाखला एका सरकारी खात्याने दिला, त्याचीच प्रत दुसरे खाते मागते. ही मागणी कमी झाली तर नागरिकाचे पैसे वाचतील आणि दुकानदाराच्या छातीवरील भारही हलका होईल. अर्थात त्याच्या उत्पन्नावरही परिणाम होईल. म्हणून ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या सेवेत याच दुकानांना सामावून घेणे न्याय्य ठरेल.

तोवर एक पाऊल तातडीने उचलता येण्याजोगे आहे. व्यवसाय परवाना देताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना नगरपालिका आणि पंचायतींनी झेरॉक्स दुकानदाराच्या हाती मराठी आणि कोकणीतील एका पानाची सूचना द्यावी, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्याची अट घालावी आणि रिकामी कार्ट्रिजे स्वीकारण्याची सोय करावी. टोनरने माणूस तडकाफडकी आजारी पडत नाही. त्याची गणना आपत्तीत होत नाही आणि त्याची बातमीही होत नाही. वर्षानुवर्षे तीच हवा घेणाऱ्याची काळजी मात्र तेवढ्या कारणाने टाळता येणार नाही.