पहिलीच्या आधीची तपासणी

स्मरणिकेच्या पानांवर यशाच्या नोंदी असाव्यात, हा रिवाज आम्हांसही मान्य आहे. या वसतिगृहात पत्र्याच्या पेटीवर वही ठेवून अभ्यास केलेली मुले आज शिक्षक, परिचारिका, तलाठी म्हणून काम करीत आहेत, याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु जी मुले आमच्या दारी येऊनही मागे राहिली, त्यांचा हिशेबही अशाच प्रसंगी मांडला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

काही वर्षांपूर्वी सुरगाणा तालुक्यातील एका पाड्यावरून एक मुलगी पहिलीत दाखल झाली. ती वर्गात गप्प बसे. घरी कोकणा बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी, त्यामुळे मूल बावरले असेल, हळूहळू रुळेल, असे आम्ही मानले. दुसरीत ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडला आणि तिसरीत ‘मंद’ हा शब्द तिला कायमचा चिकटला. त्या पावसाळ्यात तिच्या कानातून पू येताना दिसला, म्हणून तिला डॉक्टरांकडे नेले. दोन्ही कानांच्या पडद्यांना छिद्रे होती आणि तिला पुष्कळच कमी ऐकू येत होते. आईला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “दोन वर्षांची होती तेव्हापासून कान वाहतो.” तीन वर्षांत हा साधा प्रश्न आम्ही त्या माउलीला विचारला नव्हता.

आपल्या भागात ही चूक विशेष सहज घडते. ज्या शाळेत घरची बोली आणि पुस्तकाची भाषा एकच असते, तेथे न बोलणाऱ्या मुलाबद्दल शंका लवकर येते. आपल्याकडे कोकणा, वारली, महादेव कोळी कुटुंबांतून येणारी मुले आरंभी गप्प असतातच. त्या गप्पपणाआड बहिरेपण लपून राहते. म्हणूनच आमचे स्पष्ट मत असे आहे की, मुलाचे डोळे आणि कान शाळेत येण्याआधी, अंगणवाडीच्या वयातच तपासले गेले पाहिजेत. आणि ती तपासणी त्याच्या घरच्या बोलीतून झाली पाहिजे.

वयाचा आग्रह आम्ही उगाच धरीत नाही. मूल भाषा शिकते ते कानांनी, आणि त्यासाठी पहिली काही वर्षेच सर्वांत मोलाची असतात. म्हणून नवजात बाळाच्या श्रवणाची पहिली चाचणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत आणि उपचारांचा आरंभ सहा महिन्यांच्या आत व्हावा, असा जगभरच्या तज्ज्ञांचा दंडक आहे. जन्मतः बहिऱ्या मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्र शासनाच्या योजनेत पाच वर्षांची वयोमर्यादा ठेवली आहे, तीही याच कारणाने. डोळ्यांचेही तसेच. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणारे चित्र हळूहळू नाकारू लागतो. यालाच ‘आळशी डोळा’ म्हणतात. दुसरा डोळा चांगला असल्यामुळे मूल तक्रार करीत नाही, धडपडत नाही, आणि घरच्यांना काहीच कळत नाही. सहा-सात वर्षांच्या आत चष्मा देऊन व चांगला डोळा रोज काही काळ झाकून दुर्बळ डोळ्याला कामाला लावता येते. पुढे ते अधिकाधिक कठीण होत जाते. मूल पहिलीच्या बाकावर बसते, तेव्हा त्या मुदतीचा बहुतेक काळ सरलेला असतो.

शासनाने हे ओळखले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्यासारख्याच आदिवासी भागात, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या पालघर येथे झाला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांमधील अनेक आजार व दोष त्यात तपासले जातात. दृष्टिदोष, श्रवणदोष, कान वाहणे आणि ‘अ’ जीवनसत्त्वाचा अभाव हे त्यांत आहेत. दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका व औषधनिर्माता यांच्या फिरत्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यानेही सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे.

मग उणीव कोठे राहते? पथकाचे वेळापत्रक आणि आपल्या लोकांचे वर्ष यांचा मेळ बसत नाही, तेथे ती राहते. पावसाळ्यात नाले भरून वाहतात आणि कित्येक पाड्यांची वाट बंद होते. पाऊस सरला की छाटणीपासून खुड्यापर्यंतच्या द्राक्षहंगामासाठी दिंडोरी-निफाडकडे जाणाऱ्या गाड्या भरू लागतात, आणि आईबापांबरोबर चार वर्षांचे मूलही जाते. त्याचे नाव अंगणवाडीच्या पटावर असते आणि ते स्वतः द्राक्षबागेच्या कडेला खेळत असते. दुसरी उणीव तपासणीनंतरची. ‘पुढील तपासणीसाठी नाशिक’ असे चिठ्ठीवर लिहिणे सोपे. पण पहाटेची एसटी, बुडालेली मजुरी, घरी ठेवलेली बाकीची लेकरे आणि मोठ्या रुग्णालयात कोणत्या खिडकीशी उभे राहावे याची भीती, हे सारे ओलांडून ती चिठ्ठी नाशिकला पोचावी लागते. पुष्कळदा ती घरातल्या डब्यातच राहते.

काही पालकांच्या मनात आणखी एक धास्ती असते. मुलीला चष्मा लागला किंवा कानात यंत्र बसले, तर उद्या तिचे लग्न कसे जमेल? या धास्तीला हसून चालणार नाही. परंतु न वाचता येणारी, न ऐकू येणारी मुलगी शाळा सोडून घरी बसते, तेव्हा तिच्या आयुष्याचे जे होते, त्यापुढे चष्म्याची लाज फार लहान आहे, हे आम्ही नम्रपणे सांगू इच्छितो.

काही सहकारी म्हणतील, तपासणी आरोग्य खात्याचे काम, शिकवणे शाळेचे. यावर आपल्या विहारांतून नेहमी सांगितल्या जाणाऱ्या एका कथेचे स्मरण होते. एक भिक्खू अतिसाराने पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. निवासस्थाने पाहत फिरताना तथागतांना तो दिसला, आणि आनंदांसह त्यांनी स्वतः त्याला धुऊन स्वच्छ केले. त्या भिक्खूने हाक दिली नव्हती. कोणीतरी फिरत त्याच्यापर्यंत जावे लागले. ज्या मुलाला आपल्याला कमी दिसते हेच ठाऊक नाही, तेही हाक देणार नाही.

म्हणून आमची विनंती अशी. शाळेने जूनमध्ये नव्या मुलांना बाकावर जागा देण्यापूर्वी प्रत्येकाचे डोळे व कान तपासून घ्यावेत. अक्षरओळख नसलेल्या मुलालाही चित्रांच्या तक्त्यावर, एकेक डोळा झाकून, तपासता येते. पाठीमागून हळू आवाजात कोंबडी, बकरी, नागलीची भाकर अशी ओळखीची नावे घेऊन ते चित्राकडे बोट दाखवते का, हे पाहणे कोणाही शिक्षकास जमेल. हे निदान नव्हे. निदान डॉक्टरांनीच करावयाचे. पण शंका कोणावर घ्यावी, हे त्यातून कळते.

पालकांनी वाहत्या कानात तेल घालू नये. मूल दोन वर्षांचे होऊनही बोलत नसेल, हाकेला वळत नसेल, डोळा तिरळा असेल किंवा बाहुलीत पांढरे दिसत असेल, तर पथकाची वाट न पाहता सुरगाण्याचे ग्रामीण रुग्णालय गाठावे.

आणि माजी विद्यार्थ्यांनो, आपल्याकडे आमचे मागणे सर्वांत मोठे आहे. आपल्यापैकी अनेकजण नाशिकला राहता. आपल्या पाड्यावरील एखादे मूल चिठ्ठी घेऊन येईल, त्या दिवशी एसटी स्थानकावर त्याच्या आईला भेटा, तिला रुग्णालयातील खिडकीपर्यंत न्या, पुढची तारीख तिला समजेल अशा बोलीत सांगा. शाळेला देणगी देण्याइतकेच हे मोलाचे आहे. ज्या मुलीची हकीकत आम्ही आरंभी सांगितली, तिला पुढे उपचार मिळाले आणि ती पहिल्या बाकावर बसू लागली. परंतु तिची गेलेली तीन वर्षे आम्ही परत देऊ शकलो नाही. येत्या जूनमध्ये येणाऱ्या मुलांची तरी वर्षे वाया जाऊ नयेत.