मालदीवचा झेंडा आणि भाच्याचं स्टेटस

जानेवारी 2024 ची गोष्ट. मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी आपल्या पंतप्रधानांबद्दल समाजमाध्यमांवर अपशब्द वापरले. त्यांच्या सरकारने तिघांना निलंबित केलं, तरी इकडे ‘बॉयकॉट मालदीव’ची लाट उसळली. ज्यांची धाव कधी अलिबागच्या पुढे गेली नव्हती, तेही मालदीवचं बुकिंग रद्द केल्याचं सांगू लागले. त्याच संध्याकाळी माझ्या भाच्याने स्टेटसला मालदीवचा झेंडा लावला. लाल कापडावर हिरवा चौकोन, मधे पांढरी चंद्रकोर. खाली दोन शब्द: ‘आपले भाऊ’.

मी फोन केला. ‘‘अरे, मालदीवबद्दल तुला काय ठाऊक आहे?’’

‘‘मामू, शंभर टक्के मुस्लिम देश आहे. वर लोकशाही आहे. अजून काय पाहिजे?’’

काय पाहिजे ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे. फक्त त्याच्यासाठी नाही. त्याच्या वयाचे, त्याच्यासारखेच मनाने चांगले आणि घाईने बाजू घेणारे पुष्कळ जण मला भेटतात.

आधी हे ‘शंभर टक्के’ पाहू. हा आकडा जनगणनेतून आलेला नाही, तो कायद्याने ठरवलेला आहे. मालदीवच्या 2008 च्या संविधानाचं नववं कलम सांगतं की मुस्लिम नसलेली व्यक्ती मालदीवची नागरिक होऊ शकत नाही. सत्ताविसावं कलम विचार आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य देतं, पण इस्लामच्या तत्त्वांविरुद्ध जाणार नाही एवढंच. राष्ट्राध्यक्ष आणि संसद सदस्य नुसता मुस्लिम असून भागत नाही, तो सुन्नी पंथाचा असावा लागतो. म्हणजे आपल्या मोहल्ल्यातला बोहरा किंवा खोजा शेजारी तिथे जन्माला आला असता, तर त्याला निवडणुकीला उभं राहता आलं नसतं. गंमत अशी की एकोणिसाव्या शतकात मालेच्या बाजारपेठेवर मुंबईच्या बोहरा व्यापाऱ्यांचाच वरचष्मा होता.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते या संविधानाचं साल. ते काही हुकूमशहाने लादलेलं नव्हतं. मामून अब्दुल गयूम यांनी 1978 पासून तीस वर्षं राज्य केलं. मतदाराला एकच नाव मिळायचं आणि त्यावर फक्त हो किंवा नाही म्हणायचं. 2003 मध्ये माफुशीच्या तुरुंगात एका तरुण कैद्याला मारहाण करून जिवे मारण्यात आलं, लोक रस्त्यावर आले, आणि पाच वर्षांच्या झगड्यानंतर देशाला नवं संविधान, पहिली बहुपक्षीय अध्यक्षीय निवडणूक आणि मोहम्मद नशीद यांच्यासारखा तुरुंग भोगून आलेला राष्ट्राध्यक्ष मिळाला. खरी लढाई होती ती, आणि ती मुसलमानांनी मुसलमान हुकूमशहाविरुद्ध लढली. ज्या कागदाने त्यांना मतपेटी दिली, त्याच कागदाने नागरिकत्वाच्या दारावर धर्माचं कुलूप लावलं.

कुणी म्हणेल, त्यांचा देश, त्यांचं कुलूप, आपल्याला काय? मग नकाशा उघडा. मालदीवच्या उत्तर टोकापासून शे-सव्वाशे किलोमीटरवर लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट आहे. भाषा तीच धिवेहीच्या वळणाची, तसाच मासेमारीचा धंदा, तोच सुन्नी इस्लाम. पण मिनिकॉयचा माणूस भारतीय संविधानाच्या पंचविसाव्या कलमाखाली राहतो. तो नमाज पढो, न पढो, उद्या काही वेगळंच मानू लागो, त्याचं नागरिकत्व जात नाही. त्याने मिनिकॉयचा इस्लाम काही बुडालेला नाही. 2021 मध्ये लक्षद्वीपच्या प्रशासकांनी काढलेल्या नियमांच्या मसुद्यांविरुद्ध आपण सगळे बोललो, आणि बोलायलाच हवं होतं. कशाच्या जोरावर बोललो? याच संविधानाच्या.

आता 2010 च्या मे महिन्यातला मालेमधला एक प्रसंग. वक्ते होते आपल्या मुंबईचे डॉ. झाकिर नाईक. हजारोंची गर्दी. प्रश्नोत्तरांत एक माणूस उठला आणि म्हणाला, मी मालदीवचा आहे, पण माझा विश्वास बसत नाही. झालं एवढंच. जमावातले काही जण त्याच्या अंगावर धावले, पोलीस त्याला घेऊन गेले. धर्मखात्यामार्फत त्याचं ‘समुपदेशन’ झालं आणि काही दिवसांनी त्याने टीव्हीवर येऊन माफी मागितली व कलमा पढला. त्याच वर्षी जुलैमध्ये विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये काम करणाऱ्या पंचवीस वर्षांच्या तरुणाने आयुष्य संपवलं. आपण श्रद्धावान नसल्याचं कळल्यावर जगणं अशक्य झालं आहे, असं सांगून त्याने परदेशात आश्रय मागितला होता.

सूरह बकराची 256 वी आयत आपल्याकडच्या प्रत्येक तकरीरीत ऐकू येते. बिगर-मुस्लिम पाहुणे पुढच्या रांगेत बसलेले असले की हमखास. त्या माणसाला पोलीस घेऊन जात होते तेव्हा ती कुणाला आठवली नाही.

आणि हे फक्त श्रद्धा सोडणाऱ्यांचं दुखणं आहे असं समजू नका. धिवेहीत एक शब्द आहे, ‘लादीनी’. उर्दू वाचणाऱ्याला तो लगेच कळेल. तिथल्या राजकारणात तो दगडासारखा फेकला जातो. एकदा बसला की माणूस कितीही नमाजी असला तरी उपयोग नाही. डॉ. अफ्राशीम अली खासदार होते, इस्लामचे अभ्यासक होते. त्यांची मतं काहींना फार सौम्य वाटायची. ऑक्टोबर 2012 मध्ये टीव्हीवरच्या एका धार्मिक कार्यक्रमातून ते घरी परतले आणि घराच्या जिन्याजवळ त्यांना भोसकून मारलं. पत्रकार अहमद रिल्वान 8 ऑगस्ट 2014 च्या पहाटे हुलहुमालेमधल्या आपल्या घरासमोरून उचलला गेला. खटल्यातल्या दोघांना 2018 मध्ये कोर्टाने सोडून दिलं. पुढच्या वर्षी चौकशी आयोगाने सांगितलं की त्याला अतिरेकी गटाने ठार केलं. रिल्वानसाठी झगडणारा त्याचा मित्र, ब्लॉगर यामीन रशीद, 23 एप्रिल 2017 ला मालेमध्ये आपल्या इमारतीच्या जिन्यात सुऱ्याने मारला गेला.

दाभोलकर, पानसरे, कलबुर्गी, गौरी लंकेश या नावांवर आपण मोर्चे काढले. रिल्वानचं नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलं होतं?

2019 चा शेवट आठवा. डिसेंबरमध्ये नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला आणि आपण चौकाचौकांत संविधानाची उद्देशिका मोठ्याने वाचली. मीही वाचली, घसा बसेपर्यंत. नागरिकत्वाला धर्माची अट लावता येणार नाही, एवढंच आपलं म्हणणं होतं आणि ते शंभर नंबरी खरं होतं. त्याच्या महिनाभर आधी, नोव्हेंबरमध्ये, मालदीवच्या सरकारने ‘मालदीवियन डेमोक्रसी नेटवर्क’ या मानवी हक्क संघटनेची नोंदणी रद्द केली होती. कारण काय, तर कट्टरतेबद्दलच्या तिच्या 2016 च्या अहवालात इस्लामची टिंगल आहे. सरकार कुणाचं? यामीन यांच्या दडपशाहीविरुद्ध 2018 मध्ये मोठ्या बहुमताने निवडून आलेल्या इब्राहिम सोलिह यांचं, उदारमतवादी म्हणवणाऱ्या पक्षाचं. धर्माचं नाव घेतलं की तेही नमले.

त्या दिवसांत एका बैठकीत मी मांडलं की आपल्या निवेदनात या संघटनेबद्दल दोन ओळी घालू. नागरिकत्वाला धर्माची अट इथेही नको आणि तिथेही नको, असं म्हणू. एक ज्येष्ठ म्हणाले, ‘‘बात सही है, पण वेळ योग्य नाही. उद्या हेच कात्रण घेऊन समोरचे आपल्या तोंडावर मारतील.’’ ठराव बाजूला पडला.

त्यांची भीती मला कळते. ज्यांना मुसलमानांच्या हक्कांचं काही देणंघेणं नाही ते मालदीव, पाकिस्तान, इराणची उदाहरणं आपल्या तोंडावर फेकतात, हे रोजचंच आहे. पण ती त्यांच्या हाती लागतात, कारण आपण ती आपल्या तोंडाने बोलत नाही. आणि ‘वेळ योग्य नाही’ हे वाक्य हमीद दलवाईंनाही ऐकवलं गेलं होतं. 1966 मध्ये सात मुस्लिम महिलांना घेऊन त्यांनी मुंबईत विधानभवनावर मोर्चा नेला, तेव्हाही वेळ योग्य नव्हती.

इब्न बतूता चौदाव्या शतकात मालदीवमध्ये काही काळ काझी होता. तिथल्या बायका कमरेच्या वर काही घालत नाहीत यावर तो वैतागला, हुकूम काढले, पण त्याचं कुणी ऐकलं नाही, हे त्याने स्वतःच नोंदवलं आहे. त्या बेटांनी 1153 च्या सुमारास इस्लाम स्वीकारला. नागरिकत्वाचं कुलूप 2008 चं. मधली साडेआठशे वर्षं इस्लाम त्या कुलुपाशिवाय टिकला होता.

आणि कुलूप लावून लोकशाही तरी टिकली का? 2018 च्या फेब्रुवारीत यामीन यांनी आणीबाणी लावून सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना अटक केली. 2025 च्या फेब्रुवारीत, मुइझ्झू यांच्या राज्यात, सात न्यायाधीशांपैकी तिघांना निलंबित केलं गेलं. खासदाराने पक्ष सोडला की त्याची जागा जावी, अशा घटनादुरुस्तीला दिलेलं आव्हान तेव्हा न्यायालयापुढे होतं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये माध्यमांना दंड करण्याचे आणि ती बंद पाडण्याचे अधिकार असलेला आयोग नेमणारा कायदा झाला. पत्रकारांनी रस्त्यावर उतरून विरोध केला. ते सगळे मुसलमान आहेत, भाचे. तुझे भाऊ शोधायचे असतील तर त्यांच्यात शोध.

2019 चा तो ठराव माझ्या फाईलमध्ये आहे. पुढच्या बैठकीत पुन्हा मांडतो आहे. त्यात आता दोन ओळी वाढवल्या आहेत, एक न्यायाधीशांबद्दल आणि एक माध्यम कायद्याबद्दल. अनुमोदन द्यायला कुणीतरी लागेल. भाच्याला विचारलंय.