धरणाला 'लेक' म्हणणारे लोक

भोर-वेल्ह्याकडे, पालीच्या वाटेवर, हल्ली झाडांपेक्षा पाट्याच फार : 'लेक व्ह्यू कॉटेज', 'लेकसाइड स्टे', 'निवांत शांतता'. आमच्या मराठीत लेक म्हणजे मुलगी. तिला बघायचे कोणी पैसे घेत नाही! अहो, धरणाला सरळ धरण म्हणा की. भाटघरचं धरण इंग्रजी अमदानीत, १९२८ साली पुरं झालं. पानशेतचं १२ जुलै १९६१ ला फुटलं, पुण्यात हाहाकार झाला, मग ते पुन्हा बांधलं. या सगळ्या 'लेकां'च्या पोटात गावं आहेत. उन्हाळ्यात भाटघरचं पाणी ओसरलं, की कांबऱ्याचं जुनं शिवमंदिर वर येतं. तुम्ही रात्रीच्या भाड्यानं घेता ती शांतता, महाराज, उठलेल्या गावांची आहे. आणि तिथं जाऊन मंडळी करतात काय? स्पीकर लावतात, काठावर बाटल्या फेकतात, वर सांगतात, "इथं पूर्वी काही नव्हतंच हो!"

जा, जरूर जा. पण लेकच म्हणायचं असेल, तर लेकीच्या सासरी वागतो तसं वागा : आवाज खाली, घरच्यांची विचारपूस आधी, आणि निघताना मागं पसारा नाही.